फियाट 1100 : सिन्नरच्या दोन दिवसांसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

रविवार, 10 नोव्हेंबर 2024

दिवाळी आटोपली आणि आज बाबांच्या फियाटवरची ताडपत्री काढली. गाडी 1968 ची, फियाट 1100 डिलाइट, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. याच गाडीला पुढे प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी असे नाव मिळाले आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईत घराघरांत ओळखीची झाली. आमची गाडी मात्र नाशिकमध्येच राहिली. त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगगड आणि आजोळ, एवढाच तिचा प्रवास.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी, म्हणजे 11 आणि 12 तारखेला, जुन्या गाड्या बाळगणाऱ्या आम्हा काही जणांची हौशी शर्यत ठरली आहे. सिन्नरच्या बाजूला बंद पडलेल्या एका कारखान्याचे आवार मालकाने दोन दिवसांसाठी देऊ केले असून आतल्या डांबरी रस्त्याची फेरी 1.4 किलोमीटरची भरते. जागा खासगी असणे ही केवळ सोय नाही. सरकारी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे.

शर्यत वेगाची नाही, ठरलेल्या वेळेची आहे. प्रत्येक फेरी बरोबर 100 सेकंदांत पुरी करायची, म्हणजे सरासरी वेग ताशी 50.4 किलोमीटर. उशीर झाला तर सेकंदाला एक गुण दंड आणि लवकर पोहोचलो तर सेकंदाला दोन. इटलीतील मिल्ले मिलिया ही शर्यत 1927 पासून 1957 पर्यंत खऱ्या वेगाची होती, 1957 च्या भीषण अपघातानंतर ती बंद पडली आणि 1977 पासून जुन्या गाड्यांसाठी ती वेळ पाळण्याच्या स्वरूपात पुन्हा सुरू झाली. मूळ मिल्ले मिलियात फियाट 1100 च्या आवृत्त्याही धावलेल्या आहेत, हे मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी चश्मा काढून गाडीकडे पुन्हा एकदा पाहिले.

शब्दाबद्दल एक खुलासा येथेच करून ठेवते. काटेकोरपणे पाहिले तर 1919 ते 1930 या काळातल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात आणि आमची फियाट क्लासिक ठरते. पण नाशिकमध्ये जुन्या गाडीला सगळेच व्हिंटेज म्हणतात, म्हणून या नोंदींतही तोच शब्द येईल.

रविवार, 17 नोव्हेंबर 2024

भद्रकालीतल्या मेकॅनिक चाचांना घरी बोलावले. त्यांनी बाबांच्या हयातभराच्या गाड्या पाहिलेल्या आहेत आणि इंजिनाला हात लावण्याआधी पाच मिनिटे ते नुसते ऐकत उभे राहतात. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बेटी, तिसऱ्याचा दम कमी आहे."

इंजिन 1089 सीसीचे, चार सिलिंडरांचे, 68 मिलिमीटर बोअर आणि 75 मिलिमीटर स्ट्रोकचे. चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजले तेव्हा अनुक्रमे 132, 130, 104 आणि 128 पौंड भरले. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले, तरी आकडा 106 च्या पुढे सरकला नाही. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून दाब वाढला असता. तो वाढला नाही, याचा अर्थ हवा व्हॉल्व्हमधून निसटते आहे. चाचांनी नुसत्या कानाने सांगितलेली गोष्ट मापाने सिद्ध व्हायला मला पाऊण तास लागला. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे व्हॉल्व्ह असलेले झाकण, उतरवावे लागणार.

रविवार, 24 नोव्हेंबर 2024

हेड उतरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती कडा, एका बाजूने जळालेली निघाली. ही गाडी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली. त्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये पातळ थर धरत असे आणि सीट झिजण्यापासून वाचत असे. फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, हवेच्या दृष्टीने ते अत्यंत आवश्यक होते, पण जुन्या मऊ लोखंडी सीटांचे संरक्षण त्यासोबत गेले. आमची गाडी तेव्हापासून फार चालली नाही, म्हणून सीट इतकी वर्षे टिकली असावी.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेड दिले. चारही एक्झॉस्ट सीट कापून कठीण पोलादाच्या रिंगा बसवायच्या आहेत. मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी अशी वर्कशॉप सातपूर आणि अंबडमध्ये गल्लोगल्ली आहेत आणि शतांश मिलिमीटरमध्ये बोलणारे कारागीर तेथे सहज भेटतात. जुनी गाडी सांभाळायची तर नाशिकसारखे गाव नाही, असे माझे ठाम मत आहे.

रविवार, 1 डिसेंबर 2024

हेड परत आले आणि बसवले. व्हॉल्व्ह पेस्ट लावून प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने घासला, राखाडी रंगाची अखंड रेघ दिसेपर्यंत. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरची, फट पुस्तकातल्या मापाप्रमाणे फीलर गेजने लावली. हवेत पेट्रोल मिसळणारा सोलेक्स कार्ब्युरेटर उघडून धुतला आणि टाकीपासून पंपापर्यंतचा व पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा रबरी पाइप नवीन घातला. जुना पाइप वरून तडकलेला होता.

रविवार, 8 डिसेंबर 2024

आजचा संपूर्ण दिवस ब्रेकला दिला आणि तो दिला याचे समाधान वाटते, कारण वेळेच्या शर्यतीत ब्रेकवरच सगळे अवलंबून असते. वळणाआधी किती मीटरवर पाय ठेवायचा हे प्रत्येक फेरीत तेच राहिले पाहिजे आणि पाय ठेवल्यावर गाडीनेही प्रत्येक फेरीत तसेच वागले पाहिजे.

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम तापला की तो प्रसरण पावतो आणि ड्रमला आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर सरकतो, म्हणून पेडल खोल जाते. लायनरही तापून गुळगुळीत होते आणि पकड सुटते. डिस्क ब्रेकवर गाडी शिकलेल्या माझ्या भावाला हे समजावून सांगताना मी त्याला थांबलेल्या गाडीच्या ड्रमजवळ तळहात धरायला लावला. पुन्हा सांगावे लागले नाही.

डायल गेज लावून पाहिले तेव्हा पुढचा डावा ड्रम 0.3 मिलिमीटरने अंडाकृती झालेला आढळला. बाबा अनेक वर्षे "गाडी ब्रेक मारल्यावर थरथरते" असे सांगत होते आणि आम्ही त्याचा दोष रस्त्याला देत होतो. लेथवर चारही ड्रम कापून घेतले, जेमतेम गरजेपुरते, कारण कापलेले लोखंड परत येत नाही आणि पातळ ड्रम आणखी लवकर तापतो. नवीन लायनर रिव्हेट मारून बसवले, व्हील सिलिंडरमधली रबरी बकेट बदलली आणि मास्टर सिलिंडरही तसाच नवा करून घेतला.

ब्रेक ऑइल निघाले ते चहाच्या रंगाचे. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते. डॉट 3 दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली धरलेली आहे. तापलेल्या चाकात ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकते. सगळे ऑइल काढून नवीन भरले आणि सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. बाबा खुर्ची टाकून पेडल दाबायला बसले होते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी मोजून बहात्तर वेळा पेडल दाबले आणि एकदाही "पुरे" म्हणाले नाहीत.

रविवार, 15 डिसेंबर 2024

रेडिएटर उलट्या दिशेने पाणी सोडून धुतला, फॅन बेल्ट बदलला. टायर 5.20-14 मापाचे मिळवणे हे आता मोठे काम आहे. आपल्याकडचे चार तपासले, दोन ठीक होते, दोन दुसऱ्या एका फियाटवाल्या काकांनी उसने दिले.

रविवार, 22 डिसेंबर 2024

सुरक्षेचे आणि कागदांचे काम. गाडीला मुळात सीट बेल्ट नाहीत. फ्लोअरच्या खालून जाड पोलादी पट्ट्या देऊन दोघांसाठी कमरेचे बेल्ट बसवले. बोल्ट काढले की गाडी मूळ रूपात येते. अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताला येईल असे लावले. हेल्मेट सर्वांना सक्तीचे आहे आणि आवारात दोन्ही दिवस रुग्णवाहिका उभी राहणार आहे. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, हे सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला लेखी कळवले. हे न सांगता कुणाला उतरवणे मला मान्य नव्हते.

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची सोय केली; आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. आम्ही ती नोंदणी घेतलेली नाही. ती घेतली की गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते, आणि बाबांना अजून श्रावणात त्र्यंबकेश्वरला याच गाडीने जायचे असते. गाडी चालवण्यासाठी आहे, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

रविवार, 29 डिसेंबर 2024

पहाटे सहाला त्र्यंबक रस्त्याने फेरी मारली. थंडी चांगलीच होती, चोक ओढून दोन मिनिटे इंजिन गरम होऊ दिले. ब्रेकची थरथर गेली आहे. स्पीडोमीटर 54 दाखवतो तेव्हा मोबाइलवरचा वेग 50 असतो, तेव्हा काचेवर 54.5 वर चिकटपट्टीची बारीक रेघ मारली.

रविवार, 5 जानेवारी 2025

आवारात सरावाला परवानगी मिळाली. फेरीचे चार समान भाग करून प्रत्येक ठिकाणी खूण धरली: पाण्याची टाकी, वजनकाटा, लिंबाचे झाड आणि जुने फाटक. प्रत्येक खुणेवर 25, 50, 75 आणि 100 सेकंद व्हायला हवेत. भाऊ शेजारी बसून घड्याळ वाचतो. वजनकाट्याच्या आधी तीव्र वळण आहे, म्हणून तेथे दोन सेकंद मागे पडणे अपरिहार्य आहे आणि ते सरळ रस्त्यावर भरून काढावे लागतात, हे सहाव्या फेरीत उमगले. एक सेकंद म्हणजे 14 मीटर. आमच्या गाडीची लांबी चार मीटरच्याही आत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एक सेकंद किती मोठा असतो ते कळते.

शनिवार, 11 जानेवारी 2025

तेरा गाड्या आल्या. स्टँडर्ड हेराल्ड, दोन मॉरिस मायनर, लँडमास्टर, पहिल्या मॉडेलची अँबॅसिडर, विलीज जीप, आणि खऱ्या अर्थाने व्हिंटेज म्हणावी अशी एकच, फोर्ड मॉडेल ए. तिचे इंजिन सुमारे 3.3 लिटरचे आणि शक्ती 40 अश्वशक्ती. आमच्या फियाटची शक्तीही साधारण तेवढीच, पण ती एक तृतीयांश आकाराच्या इंजिनातून येते. मधल्या तीन-चार दशकांत इंजिनविद्येने केलेली मजल या दोन बॉनेटांखाली शेजारी शेजारी पाहायला मिळाली. फोर्डचे ब्रेक दांड्यांवर चालणारे आहेत, ऑइल नाहीच. तिचे मालक वळणाच्या कितीतरी आधी गाडी सावकाश आवरत होते आणि ते पाहणे हाच एक धडा होता.

पहिली फेरमालिका (एक मोकळी फेरी आणि पाच मोजलेल्या) सुरळीत पार पडली, दंड नऊ गुण. दुपारच्या मालिकेत तिसऱ्या फेरीत लिंबाच्या झाडानंतरच्या सरळ रस्त्यावर गाडी मिस मारू लागली. पाय सोडला की नीट, पाय दिला की गचके. चौथ्या फेरीत 31 सेकंद उशीर झाला आणि पाचवीत आम्ही बाजूला घेतली.

यानंतरचे तीन तास सविस्तर लिहून ठेवते, कारण चूक कुठे झाली ते त्यात आहे. मला पहिला संशय इग्निशनचा, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेचा, आला. कंडेन्सर तापला की असेच होते, म्हणून तो बदलला, पॉइंटची फट पुन्हा लावली, बल्ब जोडून टायमिंग तपासले. फरक पडला नाही. मग वाटले की पेट्रोलची वाफ धरली असेल, कारण फियाटचा पेट्रोल पंप इंजिनावरच बसलेला असतो आणि उन्हात उभी राहिलेली गाडी त्याला तापवते. पंपावर ओले फडके ठेवून वीस मिनिटे थांबलो. फरक नाही.

भाऊ तोवर काढलेले प्लग हातात घेऊन बसला होता. तो म्हणाला, "ताई, हे चारही पांढरे आहेत." तिथे माझे डोळे उघडले. इग्निशनचा दोष असता तर न जळलेल्या पेट्रोलने प्लग काळे आणि ओले निघाले असते. पांढरे म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे, आणि तेही चारही सिलिंडरांना सारखेच. संथ चालताना गाडी ठीक राहते, कारण त्या वेळी पेट्रोल कार्ब्युरेटरमधल्या वेगळ्या छोट्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीतून, येते. जोर मागितला की मुख्य जेटवर भार येतो. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाशी काळे बारीक कण होते आणि मुख्य जेटमध्ये त्यातलाच एक अडकलेला. जेट उजेडासमोर धरली तर भोकातून अर्धवर्तुळ दिसत होते.

कण रबराचे होते. डिसेंबरात घातलेला नवा पाइप आतून सुटत होता. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते साध्या रबराला फुगवून सोलते. तपासलेल्या सगळ्या वस्तू जुन्या होत्या. नवी वस्तू नवी आहे म्हणून मी तिच्यावर काय छापले आहे ते वाचलेसुद्धा नाही. दुकानदाराने पेट्रोलचाच पाइप म्हणून दिला होता, मी विचारायला हवे होते.

पुतण्या मोटारसायकलवर नाशिकला गेला आणि द्वारकेजवळच्या एका दुकानातून जे 30 आर 9 असे छापलेला पाइप घेऊन रात्री साडेआठला परतला. या पाइपाला आतून इथेनॉल सहन करणारा थर असतो. जीपवाल्यांनी आपल्या दिव्याचा उजेड दिला, हेराल्डवाल्या काकूंनी भाकरी आणि पिठले दिले. साडेदहाला इंजिन सुरू झाले तेव्हा चाचा फोनवर ऐकत होते. फोन गाडीजवळ धरायला सांगितला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आता झोपा."

रविवार, 12 जानेवारी 2025

कालच्या दंडामुळे एकूण क्रमांकाचा प्रश्न संपलेला होता, त्यामुळे आज फक्त आजचे गुण पाहायचे असे आम्ही ठरवले. सकाळच्या मालिकेत सहा गुण. दुपारी पाच फेऱ्यांचे फरक असे आले: एक सेकंद उशीर, बरोबर, एक सेकंद लवकर, बरोबर, एक सेकंद उशीर. दंड चार. दुसऱ्या आणि चौथ्या फेरीत फाटक ओलांडताना भाऊ "नव्याण्णव, शंभर" म्हणाला आणि पुढचे चाक रेषेवर होते. त्या दोन क्षणांचे सुख शब्दांत मांडणे मला जमणार नाही.

दुपारच्या मालिकेत सर्वांत कमी दंड, दोन गुण, मॉरिस मायनरवाल्या आजोबांचा. त्यांच्याजवळ स्टॉपवॉच नव्हते. शेजारी आजी बसल्या होत्या आणि त्या मनाचे श्लोक म्हणत होत्या; त्यांचे श्लोक ठरावीक लयीत संपतात आणि कोणत्या खुणेवर कोणता श्लोक यायला हवा हे त्यांनी महिनाभर घरी बसवले होते. मी त्यांच्या पाया पडले. पुढच्या वेळी एक फेरी मागच्या सीटवर बसून ऐकू देण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

शेवटी बाबांना फियाट चालवायला दिली, मोजमापाशिवाय, एक फेरी. वजनकाट्याच्या वळणाआधी त्यांनी माझ्यापेक्षा बरेच आधी ब्रेकवर पाय ठेवला, एकदाच, आणि वळणभर पुन्हा ठेवला नाही. गाडी कुठेही हलली नाही. पुढच्या वर्षी माझी ब्रेकची खूण दहा मीटर मागे घ्यायची आहे.

मंगळवार, 14 जानेवारी 2025

संक्रांत. तिळगूळ द्यायला चाचांकडे गेले तेव्हा काढलेला पाइपही नेला. त्यांनी तो ब्लेडने उभा चिरला. आतली बाजू ओल्या शाईसारखी बोटाला लागत होती, सहा आठवड्यांत. त्यांनी तुकडा गॅरेजच्या खिळ्याला टांगून ठेवला, येणाऱ्यांना दाखवण्यासाठी.

बाकी राहिलेली कामे: टाकीतले पेट्रोल काढून तळ पाहणे, कारण तिथून निघणारा पाइपाचा तुकडाही त्याच दिवशीचा आहे, पंपाचा रबरी पडदा इथेनॉल सोसणारा आहे की नाही ते तपासणे, मुख्य जेट एक आकार मोठी लावून पाहणे, कारण इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते, पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने विरळ हवेमुळे ते थोडे भरून निघते, तेव्हा प्लगचा रंग पाहूनच ठरवावे लागेल. उसने टायर काकांना परत केले. दिव्याखाली हरवलेला जीपवाल्यांचा दहाचा पाना माझ्या पेटीत सापडला, तो रविवारी पोहोचवायचा आहे.